तिसऱ्या थरातलं घर

बोगोतात कुणी कुणाला जात विचारत नाही. कशाला विचारतील? विजेचं बिल आहे ना! बिलाच्या वरच्या कोपऱ्यात एक ते सहापैकी एक आकडा छापलेला असतो, तो तुमच्या गल्लीचा थर. एक म्हणजे डोंगराच्या पार टोकाची माणसं, सहा म्हणजे उत्तरेकडची बंगलेवाली. खालच्या थरांना वीज-पाणी स्वस्त पडावं, गरिबाचं भलं व्हावं, म्हणून म्हणे सरकारनं हे आकडे काढले. झालं भलं! आता पोरगा पोरीचं नाव विचारायच्या आधी तिचा थर विचारतो, आणि भांडण पेटलं की बायका एकमेकींच्या आईवर न जाता आकड्यावर जातात.

एदिल्माच्या बिलावर दोन होता. ते बिलही तिचं नव्हे, घरमालकाचं. ती आणि तिचा नवरा एवेलियो एकोणीस वर्षं दक्षिणेकडच्या लास गोलोंद्रिनास वस्तीच्या चढावर भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती. तो गवंडी. ती शहरातल्या एका वकिलाच्या ऑफिसात कॉफीवाली. सकाळी फरशी पुसायची आणि मग संध्याकाळपर्यंत काळ्या कॉफीचे कप फिरवायचे. कॉफीबरोबर साखर खाऊन खाऊन तिच्या मागच्या तीन दाढा गेल्या होत्या, पण घरासाठी ठेवलेल्या पैशाला तिनं दाढांसाठी हात लावला नव्हता. शेवटी घर घ्यायला सरकारी मदतीची चिठ्ठी हातात पडली, आणि दोघं दर रविवारी घरं बघत फिरू लागली.

एदिल्माला तिसऱ्या थरातलंच घर हवं होतं. हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं त्याला कारण होतं. त्यांची एकुलती एक मुलगी यूरानी तेव्हा सोळा वर्षांची होती. एका संध्याकाळी एदिल्मा बसमधून उतरून हमरस्त्यावरच्या बेकरीत पाव घेत होती, तेवढ्यात समोर एक गाडी थांबली. गाडीतून यूरानी उतरली. चालवणारा कुणी चांगल्या घरातला पोरगा होता. "इथेच, इथेच," यूरानी त्याला सांगत होती, "ते दवाखान्यामागचं पांढरं घर दिसतंय ना, ते आमचं." गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत पोरगी तिथंच उभी राहिली, आणि मग मुकाट्यानं चढाच्या पायऱ्या चढायला लागली. एदिल्मा पाव घेऊन तिच्या मागं मागं चढली, पण तिला हाक मारायचा धीर काही झाला नाही. घरी आल्यावर यूरानी म्हणाली, "बसनं आले." एदिल्मानं तिला गुळाचं गरम पाणी करून दिलं.

"पोरीला स्वतःच्या घराचा पत्ता सांगायची लाज वाटते," ती नवऱ्याला म्हणाली, "आणि आपण इथंच घर बघत फिरतोय. थू आपल्या जिंदगीवर!"

"सोळा वर्षांची आहे ती," एवेलियो म्हणाला. "त्या वयात बापाच्या चपलांचीसुद्धा लाज वाटते."

पण एदिल्माच्या मनात ते जे रुतलं ते रुतलंच.

खरं सांगायचं तर चांगलं घर त्यांच्या गल्लीतच चालून आलं होतं. डॉन क्रिसांतो नावाचे म्हातारबुवा गावी परत निघाले होते आणि त्यांना घर विकायचं होतं. तीन खोल्या, मागं छोटं अंगण, कागदपत्रं स्वच्छ, आणि वर स्लॅब टाकलेला. एवेलियोनं खिशातून ओळंबा काढून भिंतीला लावला, मुठीनं चार ठिकाणी ठोकून पाहिलं, आणि त्याचं तोंड असं फुललं की त्याला बोलायची गरजच राहिली नाही.

"वर अजून दोन मजले चढतील," तो म्हणाला. "मी स्वतः चढवीन. उद्या पोरीचं लग्न झालं तर ती वर राहील. आपल्या डोक्यावरच असेल की."

बरोबर रुबिएला आली होती. रुबिएला म्हणजे यूरानीची धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या वेळी पोरीला हातावर हिनंच घेतलं होतं, तेव्हापासून दोघी मैत्रिणी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. बिननवऱ्याची बाई, कोपऱ्यावर तामालेस, म्हणजे केळीच्या पानात बांधून उकडलेली मक्याची पुडकी, विकायची, आणि आवाज असा की खालच्या रस्त्यावरचं गिऱ्हाईक वर यावं.

"अगं, डोळे मिटून घे!" रुबिएला म्हणाली. "चार घरं सोडून मी आहे. तुला ताप आला तर आहियाकोचं गरम सूप कोण आणून देणार, तुझा तो वकील?"

"बिल दाखवता का जरा?" एदिल्मानं म्हाताऱ्याला विचारलं.

म्हाताऱ्यानं बिल आणलं. तिनं कोपरा पाहिला आणि बिल परत दिलं. "दोन."

"मग काय सहा असेल?" रुबिएला खवळली. "गल्ली तीच, नळ तोच, खड्डे तेच!"

"आकडा काय खायचा आहे की नेसायचा?" एवेलियो म्हणाला.

"मला नाही नेसायचा," एदिल्मा म्हणाली. "माझ्या पोरीला नेसायचा आहे."

ते घर त्यांनी सोडून दिलं. पुढच्या महिन्यात शहराच्या पार पश्चिमेला, जिथं काल-परवापर्यंत भाज्यांचे मळे होते, तिथल्या नव्या टॉवरमधला फ्लॅट त्यांनी पाहिला. पाचवा मजला, एकोणचाळीस चौरस मीटर, गेटवर टोपीवाला वॉचमन. इथं बिल मागावंच लागलं नाही. विकणाऱ्या मुलीनं ते फ्रेम करून टेबलावर ठेवलं होतं. "तिसरा थर, सेन्योरा," ती हसून म्हणाली. त्या मुलीनं सेन्योरा, बाईसाहेब, म्हटलं तेव्हाच एदिल्मा निम्मी विकली गेली. एवेलियोनं भिंतीला ओळंबा लावला नाही, नुसतं बोटानं टकटक केलं.

"पलीकडचा माणूस खोकला तर औषध आपण घ्यायचं," तो म्हणाला.

"खोकू दे. चांगली माणसं खोकतात इथं."

नुसतं भाळून घर घेणारी एदिल्मा नव्हती हं. तिनं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला सगळं मांडलं: वीज किती वाढेल, पाणी किती, सोसायटीचा मेंटेनन्स किती, दोन बस बदलायला लागतील त्याचं भाडं किती. ऑफिसातल्या वकिलाकडून तिनं कागद वाचून घेतले, बांधकामाची परवानगी पाहिली. एवढी शहाणी बाई, पण एक गोष्ट विचारायची राहिली, आणि ती तिला कुणी सांगितलीही नाही. कारण तिच्या गल्लीतलं कुणीच तेवढं पुढं शिकलं नव्हतं.

निघायच्या दिवशी रुबिएलानं वाटेसाठी तामालेस बांधून आणले. ट्रक भरला होता. एवेलियो दोऱ्या आवळत होता.

"तुझी जागा इथंच होती, कोमाद्रे," रुबिएला म्हणाली. तिचे डोळे भरले होते. एदिल्मानं तेव्हा गप्प बसायला हवं होतं. पण तिचेही डोळे भरले होते, आणि अशा वेळी तिची जीभ तिच्या ताब्यात नसायची.

"ज्याला लेकरं असतात त्याला त्यांचा विचार करावा लागतो," ती म्हणाली. "तुला नाही कळायचं ते. तू आपली रहा इथं चिखलात."

रुबिएलाच्या हातातली पुडकी तशीच राहिली. "पोरीला हातावर घेऊन बाप्तिस्म्याच्या पाण्याखाली मी धरली होती," ती हळू म्हणाली. "जा बाई. सुखी रहा तुझ्या तीन नंबरात." आणि तामालेस ट्रकच्या पायरीवर ठेवून ती निघून गेली. पंधरा दिवसांनी एदिल्माच्या कानावर आलं की डॉन क्रिसांतोचं घर रुबिएलानं घेतलं.

तिसऱ्या थरात राहायला गेल्यावर पहिले काही दिवस एदिल्मा गेटमधून उगीच दोनदा आत-बाहेर करायची, वॉचमननं सलाम करावा म्हणून. मग त्याची सवय झाली. बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत, जिन्यात बसायचं नाही, रविवारी गाणी लावायची नाहीत. शेजारीण लिफ्टमध्ये भेटली की मोबाइलमध्ये बघायची. एदिल्मा पहाटे चारला उठून दोन बस बदलून ऑफिसला जायची. एवेलियोचं काम सगळं दक्षिणेकडंच, त्यामुळं तो तर कधी कधी रविवारीसुद्धा जायचा. "कुठं काम लागलंय?" तिनं विचारलं तर म्हणायचा, "आपल्या जुन्या बाजूला." पण पोरीची खोली मात्र दृष्ट लागावी अशी झाली होती. एवेलियोनं खिडकीखाली टेबल करून दिलं, एदिल्मानं स्वतः भिंती रंगवल्या, फिक्या पिवळ्या. त्या टेबलावर बसून यूरानीनं दोन वर्षं अभ्यास केला, आणि सरकारी विद्यापीठात दंतवैद्यकाला तिचा नंबर लागला.

त्या दिवशी एदिल्मा ऑफिसात प्रत्येक कपाबरोबर ती बातमी वाढत होती. "डॉक्टर होणार माझी पोरगी! दाढांची डॉक्टर!" वकिलानंसुद्धा उठून तिला मिठी मारली.

फी सरकारी, म्हणून परवडणारी. पण दंतवैद्यकाला हत्यारं लागतात: आरसे, चिमटे, ड्रिल, दातांचे साचे. दर सहामाहीला नवी यादी. त्या यादीचा आकडा पाहून एवेलियोनं चष्मा काढून पुन्हा घातला. त्यासाठी एक शिष्यवृत्ती होती, पाच वर्षं सगळा खर्च देणारी. मायलेकी नवे कपडे घालून खिडकीपाशी रांगेत उभ्या राहिल्या.

"नाव?" खिडकीतल्या माणसानं विचारलं. यूरानीनं सांगितलं. "मार्क?" तिनं कागद दिला. त्यानं भुवया वर केल्या, खूष होऊन मान हलवली. "थर?"

"तीन!" एदिल्मानं पोरीच्या आधीच सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या तरी खिडकीपाशी ताठ मानेनं सांगायला मिळत होतं. तिनं बिल घडी उलगडून पुढं सरकवलं.

त्या माणसानं पेन खाली ठेवलं. "मग हा अर्ज तुमच्यासाठी नाही, सेन्योरा. ही एक आणि दोनवाल्यांसाठी आहे."

"अहो, पण आम्ही तेच आहोत!" एदिल्माचा आवाज चढला. "मी कॉफी करते, हा... हिचा बाप गवंडी आहे. आमच्याकडं काय ठेवलंय?"

"मला दिसतंय. पण बिल तीन म्हणतंय." माणूस वाईट नव्हता. त्यानं इकडंतिकडं बघून आवाज उतरवला. "दोनच्या गल्लीत कुणी नात्यातलं आहे का? पण नुसती झेरॉक्स आणू नका. तपासणीला बाई येते. पोरीचा पलंग बघते, कपाट उघडून कपडे बघते. मुलगी खरंच तिथं राहायला हवी. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे."

बसमध्ये यूरानी खिडकीकडं तोंड करून बसली होती. दुसरी बस लागल्यावर ती आईकडं वळली. मग म्हणाली, "मी कधी म्हटलं होतं गं आई, मला तीन पाहिजे म्हणून?"

"तोंडानं नाही म्हटलंस." एदिल्मानं मग तिला ते सगळं सांगितलं, बेकरी, गाडी, दवाखान्यामागचं पांढरं घर.

यूरानी तिच्याकडं बघतच राहिली. "तो पोरगा माझ्या मागं लागला होता! घर कळलं असतं तर रोज दारात येऊन उभा राहिला असता. म्हणून खोटं सांगितलं त्याला. लाज कसली? आणि तू तेवढ्यावरून घर घेतलंस? मला एका शब्दानं विचारलं नाहीस?"

हे खरं होतं, की पोरगी नुसती रागाच्या भरात बोलत होती, ते एदिल्माला कळलं नाही. पुढंही कधी कळलं नाही. आता विचारून तरी काय उपयोग होता?

रविवारी ती लास गोलोंद्रिनासच्या पायऱ्या चढली. दोन वर्षांत पाय विसरले होते, मध्ये दोनदा बसावं लागलं. डॉन क्रिसांतोच्या घराला हिरवा रंग लावला होता. दारात तामालेसचं पातेलं उकळत होतं. रुबिएलानं तिला पाहिलं आणि केळीच्या पानाला दोरी गुंडाळायचं काम चालूच ठेवलं.

"आज चिखलात कशी काय वाट चुकलीस?"

"मार, काय मारायचं ते मार," एदिल्मा म्हणाली. "पण आधी ऐकून घे." आणि उभ्या उभ्याच तिनं सगळं सांगितलं. सांगताना रडायचं नाही असं ठरवून आली होती. कसलं काय!

रुबिएलानं हात पुसले. आत गेली आणि विजेचं बिल घेऊन आली. "घे. तुझा दोन," ती म्हणाली. मग बिल स्वतःच्याच हातात धरून म्हणाली, "पण कागदानं भागणार नाही म्हणतेस ना? ये, वर ये."

मागून लोखंडी जिना होता. स्लॅबवर एक खोली उभी होती, विटांची, नीट गिलावा केलेली, मोठ्या खिडकीची. खिडकीतून सगळं शहर खाली पसरलेलं दिसत होतं. एदिल्मानं भिंतीला हात लावला. कोपऱ्यात गिलाव्याची कड बोटानं अशी गोल केली होती, जशी फक्त एक माणूस करायचा.

"कुणी बांधली?" तिनं विचारलं, पण तिला कळलंच होतं.

"तुझ्याच नवऱ्यानं. सोळा रविवार. मजुरी घेतली नाही, फक्त जेवला. म्हणाला, स्लॅब वाया जायला नको." रुबिएलानं खिडकीची कडी लावली. "भाड्यानं देणार होते. पण माझी पोर राहणार असेल तर भाडं कसलं? मला तिच्याकडून एक फुटकी कवडी नको. तुझ्याकडूनही नको."

"कोमाद्रे, त्या दिवशी मी..."

"ते सोड. ते मी विसरलेय असं समजू नकोस, पण सोड."

त्या रात्री एदिल्मा नवऱ्याशी भांडायला बसली. "सोळा रविवार! आणि मला सांगितलं नाहीत?"

"काय सांगणार होतो?" एवेलियो म्हणाला. "ज्या स्लॅबवर माझ्या पोरीसाठी खोली बांधायची होती, त्याच स्लॅबवर बांधली. मला तरी कुठं ठाऊक होतं की तिच्यासाठीच बांधतोय?" आपलेच दात आणि आपलेच ओठ.

यूरानी दोन सुटकेसा आणि ते टेबल घेऊन गेली. अर्जात लिहिलं: राहण्याचा पत्ता: लास गोलोंद्रिनास; पालक: धर्ममाता रुबिएला; आईवडील: गावी. गावी असं लिहावंच लागलं. आईवडील ह्याच शहरात, आणि तेही तिसऱ्या थरात, असं कळलं असतं तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं.

तपासणीची बाई कधी येणार ते आधी कळवत नाहीत. एदिल्मा एका शनिवारी कोंबडीच्या आहियाकोचं पातेलं घेऊन पोरीला भेटायला आली होती. पोरगी खाली अंगणात पुस्तक घेऊन बसली होती, वाळत घातलेल्या कपड्यांच्या खाली. तिच्या गालांवर जरा मांस आलं होतं. शेजारच्या दोन बायका भिंतीवरून तिच्याशी बोलत होत्या, आणि ती मोठ्यानं हसत होती. टॉवरमध्ये ती असं हसल्याचं एदिल्माला आठवेना. तिनं पातेलं ठेवलं, एवढ्यात दार वाजलं, आणि गळ्यात ओळखपत्र घातलेली एक तरुण बाई हातात फाईल घेऊन आत आली.

बाईनं वर जाऊन पलंग पाहिला, कपाट पाहिलं, बिल पाहिलं. रुबिएलानं सगळ्या प्रश्नांची धडाधड उत्तरं दिली. एदिल्मा स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी होती. खाली येऊन बाई खुर्चीवर बसली, फाईल मांडीवर घेतली.

"मुलीची आई कुठं असते?" तिनं विचारलं.

रुबिएलाची जीभ कधी नव्हे ती अडखळली. तिनं एदिल्माकडं पाहिलं. एदिल्मानं जमिनीकडं पाहिलं. पण यूरानी अडखळली नाही.

"आई गावाला असते," ती म्हणाली. "बटाट्याची शेती आहे आमची. येते कधीमधी."

आवाज तोच होता, बेकरीसमोर ऐकलेला, सहज आणि गोड.

"आणि ह्या?" बाईनं पेनानं एदिल्माकडं दाखवलं.

"ह्या होय?" यूरानी म्हणाली. "ह्या रुबिएलामावशीकडं येतात. मदतीला."

बाईनं मान डोलावली आणि लिहायला लागली. एदिल्माला काहीतरी करणं भाग होतं, उभं राहून चालणार नव्हतं. तिनं शेगडीवर पाणी ठेवलं, कॉफी केली, बशीत कप ठेवला, कपाचा कान पाहुण्याच्या उजव्या हाताकडं वळवला आणि दोन पावलं मागं सरून उभी राहिली, ऑफिसात राहायची तशी.

"वा, छान झालीय," बाई म्हणाली. "राहता कुठं तुम्ही?"

"लांब," एदिल्मा म्हणाली. "दोन बस लागतात."

"अरे देवा. मग लवकर निघा, पाऊस येतोय." बाईनं कप रिकामा केला, फाईल मिटली आणि यूरानीकडं बघून हसली. "काळजी करू नकोस. तुझं काम झालं."

यूरानीनं आईकडं पाहिलं नाही. एदिल्मानं कप उचलला, मोरीपाशी जाऊन विसळला, पुसून फळीवर उपडा घातला, आणि पातेलं तिथंच ठेवून बस पकडायला निघाली.